जामखेडची मंडळी

तुळजापूरला तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. आई भवानी कुणाच्या माहेरची कुलस्वामिनी, कुणाच्या सासरची. नव्या सुनेची ओटी भरायला म्हणून जायचं, दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं, बाहेर येऊन कवड्यांची माळ घ्यायची, प्रसादाच्या पुड्या बांधायच्या आणि दिवस मावळायच्या आत घराची वाट धरायची. धाराशिव जिल्हा म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या मनात एवढंच असतं.

पण मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला परतताना वाट थोडी वाकडी करा. नगरकडच्या असाल तर फारशी वाकडीही नाही. एस.टी.त आपल्याला आता अर्धं तिकीट आहे, तेव्हा 'ह्यांच्या' खिशाची काळजी नको.

तुळजापूरहून धाराशिव, तिथून येरमाळा. येडेश्वरीला हात जोडायचे आणि पुढे निघायचं. बालाघाटच्या डोंगररांगा सोबतीला असतात. पावसाळा सरत आला असेल तर हिरव्या दिसतात, एरवी उघड्याबोडक्या. हा सगळा कमी पावसाचा मुलूख. शेतीला जोड म्हणून घरोघर जनावरं, आणि दुधाचा खवा. भूम-वाशीकडचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा तुम्ही खाल्ला नसेल, तर एवढ्यासाठी तरी या बाजूला याच. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. टेकडीवर देवळं आहेत. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला.

भूमच्या बाजूने पुढे गेलं की खर्डा लागतं. शाळेत पाठ केलेली खर्ड्याची लढाई आठवते ना? १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं, ते हेच खर्डा. म्हणजे आपण सीमेवर आलो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत अलीकडचं भूम निजामाच्या राज्यात होतं, आणि पलीकडचा नगर जिल्हा १९४७ पर्यंत इंग्रजांच्या. आजही इथे धाराशिव जिल्हा संपतो आणि अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचा अहमदनगर जिल्हा सुरू होतो. माणसं मात्र तीच, ज्वारीची भाकरी तीच आणि पाण्याची ओढही तीच. खर्ड्यानंतर थोड्याच वेळात जामखेड येतं. धाराशिव, बीड आणि नगर या तिन्ही जिल्ह्यांच्या मधोमध वसलेलं हे तालुक्याचं गाव.

तुम्ही म्हणाल, जामखेडला बघायचं काय? मोठं देऊळ सांगत नाही, धबधबाही सांगत नाही. मला तुम्हाला इथे आणायचं आहे ते एका जोडप्यासाठी. दोघंही आज हयात नाहीत. पण त्यांनी जमवलेली मंडळी बघण्यासारखी आहे.

'मंडळी' हा शब्द मी मुद्दामच वापरला. आपल्याकडे 'आमची मंडळी' म्हटलं की पुरुषाला आपली बायको म्हणायची असते. नाव घ्यायचा संकोच, दुसरं काय! नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकांत मात्र मंडळी म्हणजे एका देवळात उपासनेला जमणारे सगळे लोक. 'आमच्या मंडळीत वीस घरं आहेत,' असं ते म्हणतात. या मंडळीचा सांभाळ करणारा तो पाळक, आणि त्याची बायको ती पाळकीणबाई.

नगर जिल्ह्यात अशा मंडळ्या पुष्कळ. अमेरिकन मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. पुढे राहुरी, वडाळा अशा गावांत त्यांची ठाणी झाली. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचलं असेल, तर नगर, राहुरी ही नावं घरच्यासारखी वाटतील. गावाबाहेर एखादा बंगला, एक शाळा, एक दवाखाना आणि रविवारची उपासना. परक्या मुलखातून आलेलं एखादं जोडपं तिथेच राहून म्हातारं व्हायचं. साहेब उपदेश करायचे, हिशेब बघायचे. मडमसाहेब मुलींना वाचायला शिकवायच्या, शिवण शिकवायच्या, बाळंतिणीला बघायला जायच्या. मंडळी लहान असली तरी काम काही लहान नसायचं. आणि त्यातल्या बाईच्या कामाची नोंद बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावाखालीच व्हायची. हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

मी सांगते ते जोडपं परदेशातलं नव्हतं. डॉक्टर रजनीकांत आरोळे हे १९३४ साली याच जिल्ह्यातल्या सुप्याला जन्मले. आई-वडील दोघंही शिक्षक. डॉक्टर मेबल त्यांच्याहून वर्षभराने लहान, जन्म जबलपूरचा. मराठी काही त्यांची मायबोली नव्हे. दोघं ख्रिस्ती, दोघं हुशार, आणि दोघांची गाठ पडली ती वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात.

वेल्लोरचीही एक गोष्ट आहे. आयडा स्कडर ही मिशनरी घराण्यातली अमेरिकन मुलगी. आई-वडिलांकडे तमिळनाडूत आली होती. तिला मिशनचं काम मुळीच करायचं नव्हतं. पण एका रात्री तीन घरचे पुरुष एकामागून एक दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, ते यायला तयार होते, पण परपुरुषाने बायकोला हात लावलेला तिघांनाही चालणार नव्हता. आयडाला ते येतेस का म्हणत होते, आणि तिला तर काहीच येत नव्हतं. सकाळी कळलं की तिन्ही बायका गेल्या. मुलगी अमेरिकेला परत गेली ती डॉक्टर होण्यासाठीच. परत येऊन १९०० साली तिने वेल्लोरला एका खाटेपासून दवाखाना सुरू केला. त्यातूनच पुढे ते मोठं रुग्णालय आणि महाविद्यालय उभं राहिलं.

अशा ठिकाणी शिकलेल्या या दोघांनी १९६० साली लग्न केलं. लग्नाच्या दिवशी आपण काय करतो? उखाणे घेतो, रुखवत मांडतो, कोण रुसलं कोण फुगलं ते बघतो. या दोघांनी त्या दिवशी एकमेकांना वचन दिलं, की आपलं आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी, ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्यासाठी घालवायचं. लग्नात दिलेली वचनं कितीजणांच्या लक्षात राहतात हे आपण सगळ्या जाणतो. यांनी ते पाळलं.

आधी ते नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात गेले. १९६२ ते १९६६ अशी वर्षं तिथे काढली. दवाखाना भरलेला असायचा. हगवण लागलेली मुलं, धनुर्वात झालेल्या बाळंतिणी, अंगात रक्त नसलेल्या गर्भार बायका. औषध द्यावं, बरं करून घरी पाठवावं, आणि चार महिन्यांनी तेच मूल पुन्हा तशाच अवस्थेत यावं. दोघांच्या लक्षात आलं, की यातली निम्म्याहून जास्त दुखणी मुळात व्हायलाच नकोत. पाणी स्वच्छ असतं, पोटाला पुरेसं असतं आणि चार गोष्टी आईला ठाऊक असत्या, तर ती टळली असती. मग दवाखान्यात बसून वाट बघण्यात काय अर्थ?

दोघं अमेरिकेला जाऊन आणखी शिकले. शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे राहिले असते तर बंगला, मोटार, मुलांच्या शाळा, सगळं व्यवस्थित झालं असतं. १९७० साली ते परत आले आणि गाठलं ते जामखेड. पदरी दोन लहान मुलं. दवाखाना थाटला तो गुरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्यात.

थोडं थांबा आणि मेबलबाईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय पस्तीस. परीक्षांत नंबर काढलेली बाई. भाषा परकी, गाव परकं, पाण्याची बोंब. गावात आपल्या धर्माची माणसं मोजकीच. आपल्यापैकी कितीजणी म्हणाल्या असत्या, 'चला, इथे राहू'?

दोनच वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. सुकडी खाल्लेल्या, खडी फोडलेल्या बायका आजही त्या वर्षाचं नाव काढलं की गप्प होतात. हे दोघं आरोग्य-आरोग्य करत आले होते, आणि लोक म्हणत होते, 'डॉक्टर, आधी पाणी द्या, पोटाला द्या.' त्यांनी ऐकलं. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले, विंधनविहिरी खणल्या गेल्या. आणि हातपंप बसवताना एक गोष्ट पाहिली. पंप दलित वस्तीकडे बसवायचा. मग पाटलाच्या वाड्यातली असो की वाण्याची, घागर घेऊन यावं लागायचं तिथेच. यावर भाषण कुणी दिलं नाही. तहानेने जे व्हायचं ते झालं.

पहिला बेत मात्र फसला. शिकलेल्या नर्सबाईंना खेडोपाडी पाठवायचं ठरलं होतं. एकटीदुकटी तरुण मुलगी परक्या गावात राहणार कशी? आणि गावच्या बायका तिचं ऐकणार कशाला? 'तुला पोर नाही बाळ नाही, तू आम्हाला काय शिकवतेस?' तेव्हा गावातलीच एखादी बाई निवडावी असं ठरलं. वयाने पोक्त, चार पोरं वाढवलेली, गावाने विश्वासाने पुढे केलेली. यांतल्या बऱ्याच जणी दलित होत्या, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेल्या. बहुतेकींना सही करता येत नव्हती.

त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. सुरुवातीला जेवताना जातीजातीने बाजूबाजूला बसत. पण खोली एक, स्वयंपाक एक, अंथरूण-पांघरूण एकत्र. हळूहळू पंगत सरळ झाली. मेबलबाई त्यांच्याबरोबर जमिनीवर बसायच्या. फळ्यावर काही लिहायचं नाही, कारण वाचणार कोण? सगळं हाताने, तोंडाने, गोष्टींनी आणि गाण्यांनी. गर्भार बाईचं पोट कसं तपासायचं, बाळ आडवं आहे का उभं, मूल काट्यावर कसं तोलायचं, नाळ कशाने कापायची, अंगावरच्या चट्ट्याला सुई टोचली आणि कळलं नाही तर काय समजायचं, खोकला किती दिवस राहिला तर घाबरायचं.

आणि जुन्या समजुती? त्या तर आपल्याही घरी होत्या. गर्भार बाईने कमी खावं म्हणजे मूल लहान राहील आणि सुटका लवकर होईल. पहिला चीक पिळून टाकावा. पोराला हगवण लागली की पाणी तोडावं. या बायकांना त्या समजुती बाहेरच्या डॉक्टरपेक्षा चांगल्या ठाऊक होत्या, कारण त्यांच्यावर विसंबूनच त्यांनी स्वतःची पोरं वाढवली होती आणि काहींनी गमावलीही होती. म्हणून शेजारणीला त्या सांगू शकल्या, 'मी हे केलं, माझं पोर गेलं. तू करू नकोस.' असं कुठल्या पदवीवाल्याला सांगता येईल?

मला यातली जी गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, ती सांगते. आपण सुगरणी म्हणवतो. शेजारणीने लोणच्याची कृती विचारली की हसतमुखाने सांगतो, पण एखादा जिन्नस सांगायचा राहतो. राहतो की आपण ठेवतो? तिचं लोणचं आपल्याइतकं चांगलं झालं तर मग आपलं काय उरलं, ही धाकधूक मनात असतेच. डॉक्टर लोकांचं काही वेगळं नसतं. वर्षानुवर्षं रात्री जागून मिळवलेली विद्या, ती अंगठेबहाद्दर बाईला सगळीच्या सगळी देऊन टाकायची? मेबलबाईंनी आणि रजनीकांतांनी ती दिली. एकही जिन्नस मागे न ठेवता दिली. आपल्याशिवाय यांचं अडू नये, एवढ्यासाठीच ती दिली.

गुण काय आला ते आकडेच सांगतात. १९७१ साली या गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे साधारण दर सहा पाळण्यांतला एक रिकामा होई. पुढे हे प्रमाण पंचविसाच्या खाली आलं. सुरुवातीला काम आठ गावांत होतं, ते वाढत गेलं. शेतकरी मंडळं झाली, महिला मंडळं झाली, कृत्रिम पाय बनवण्याचं काम सुरू झालं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडचा अनुभव आहे. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो दोघांना मिळून. १९९४ साली दोघांनी जामखेडवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यावर पहिलं नाव मेबलबाईंचं आहे. एवढ्याशा गोष्टीचं मला फार बरं वाटलं, तुम्हालाही वाटेल.

आता मंडळीचं सांगायचं राहिलं. दोघांचा धर्म त्यांच्या कामाच्या मुळाशी होता, त्यांनी तो कधी लपवला नाही. पण गावच्या बाईला त्यांनी कधी 'तुझा देव सोड' म्हटलं नाही. तिने येडाईची परडी भरावी, तुळजापूरला जावं, आषाढीला उपास करावा. बाळंतिणीच्या खोलीत जाताना हात मात्र साबणाने धुवावेत. पाळक ज्या निगुतीने आपल्या मंडळीची घरं राखतो, त्याच निगुतीने यांनी ही माणसं राखली. आणि यांच्या मंडळीत एकेक बाई स्वतःच पाळकीण झाली.

मुक्ताबाई पोळ या त्यांतल्याच एक. १९८८ साली त्या अमेरिकेत, वॉशिंग्टनला गेल्या आणि मोठमोठ्या तज्ज्ञांपुढे उभ्या राहून बोलल्या. सभागृहात छताला झगमगणारी झुंबरं होती. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की डॉक्टर म्हणजे ही झुंबरं. दिसायला सुंदर, पण महाग, आणि बघायची तर इतक्या लांब यावं लागतं. आपण गावच्या बायका म्हणजे साधी पणती. पण पणतीवर दुसरी पणती लावता येते, झुंबराला ते जमत नाही. सभा उठून उभी राहिली नसती तरच नवल! सरूबाई साळवे यांच्यासारख्या बायकांवर तर २००८ साली 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने मोठा लेख छापला.

१९९९ साली मेबलबाई गेल्या. साठी नुकतीच ओलांडली होती. त्यानंतर बारा वर्षं रजनीकांतांनी त्यांच्याविना काढली, पण जामखेड सोडलं नाही. २०११ साली तेही गेले. मुलगी डॉक्टर शोभा आणि मुलगा रवी यांनी काम हाती घेतलं. एखादा कर्ता माणूस गेला की त्याची संस्था कशी बसते, हे आपण गावोगावी बघतो. कुलूप लागतं, बोर्डावरचा रंग उडतो. इथे तसं झालं नाही, आणि याचं कारण शोधायला लांब जायला नको. इथली विद्या एका कपाटात नव्हतीच. ती गावागावातल्या चुलीपाशी बसलेली होती.

तेव्हा मैत्रिणींनो, तुळजापूरची ओटी भरून परत येताना जामखेडला उतरा. संस्थेला आधी कळवून गेलात तर बरं. देशोदेशीची माणसं तिथे शिकायला येतात, आणि आपण शेजारच्या जिल्ह्यातून जाऊन बघू नये? एखादी पांढऱ्या केसांची, नऊवारी नेसलेली आरोग्यसेविका भेटली तर तिच्यापाशी घटकाभर बसा. तिला काही विचारायची लाज वाटू देऊ नका.

आणि जाणं जमलं नाही तरी एक गोष्ट घरबसल्या करण्यासारखी आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, नीट सपाट करून घ्यायचा. मिठाचं माप वाढू द्यायचं नाही. मुलाला जुलाब लागले की हे पाणी घोटघोट पाजत राहायचं, अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवायचं. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात ठरेना, तर मात्र वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. तयार पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

तुम्हाला हे ठाऊक असेल. पण तुमच्याकडे धुणंभांडी करायला येते तिला ठाऊक आहे का? तिच्या सुनेला? एकदा तिला खाली बसवून, नाही, तिच्याशेजारी आपण बसून, तिच्याच चमच्याने मोजून दाखवा. मग तिला तुम्हाला दाखवायला सांगा.

आणि शेजारणीने लोणच्याची कृती विचारली, तर यंदा सगळे जिन्नस सांगा.